नुकसान निरंक

वरात निघायच्या वेळी विठ्ठलअण्णांनी नवरदेवाच्या गाडीवरची सगळी फुलं उतरवायला लावली. नवरदेव त्यांचाच भाचा. तो आत फेटा सांभाळत घामाघूम, बाहेर बँड थांबलेला.

“काका, मुहूर्त चाललाय,” ड्रायव्हर कळवळला.

“मुहूर्त गुरुजी दुसरा काढून देतील. फुलाखालचा ओरखडा परत येताना आमच्या नावावर चढंल, तो कोन काढनार?”

फुलांखाली ओरखडा निघाला. बोनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या दिवशी नवरदेवापेक्षा अण्णाच जास्त खुशीत होते.

अण्णा कोर्टात बेलीफ होते. सगळी नोकरी जप्तीचे पंचनामे करण्यात गेली. निवृत्तीनंतर जप्त करायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी भाड्याच्या गाड्या धरल्या. भोकरदनच्या आमच्या गल्लीत कुणी देवदर्शनाला जीप ठरवो की लग्नाला बस, पंचनाम्याशिवाय चाक हलत नाही. मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, गाडीभोवती फिरायचं आणि खड्या आवाजात नोंद करायची. पोचे ते भाजीत मोजतात.

“डाव्या दाराला पोचा एक, लिंबाएवढा. मागल्या अंगाला पोचा एक, वांग्याएवढा. भरताच्या. डिझेलचा काटा अर्ध्यावर. स्टेपनी हाये, पर टायरला टक्कल पडलंय. पंच हजर?”

“हजर,” असं मी म्हणायचं.

आधी हे काम अण्णांच्या बायकोचं, काकूंचं होतं. त्या हातात लाटणं घेऊनच पंच व्हायच्या. त्या गेल्यावर ते शेजारी म्हणून माझ्याकडे आलं. मी सरकारी दवाखान्यात नर्स, घरी एकटीच. नुकतीच ड्युटीवरून आलेली असो की डोक्याला मेंदी लावलेली असो, अण्णांची हाक आली की फाटकात उभं राहायचं. गाडी परत आली की पुन्हा तीच फेरी आणि शेवटी ठरलेले दोन शब्द: “नुकसान निरंक.” निरंक म्हणजे काही नाही. शब्द सरकारी कागदावरचा, पण अण्णा तो आरतीनंतरच्या जयजयकारासारखा म्हणतात.

एकदा वेरूळहून परतल्यावर जीपवाल्यानं एका पोच्यावर बोट ठेवलं. म्हणाला, हा नवा आहे, भरून द्या. अण्णांनी व्हिडिओ लावला.

“जाताना वांगं, येतानाबी वांगं. मधल्या मधी वाढलं असंल, तर तुमच्याच खतपान्यानं.”

आता तालुक्यातले गाडीवाले आमच्या गल्लीत शिरताना आपल्या पोच्यांची भाजी स्वतःच सांगतात.

या उन्हाळ्यात माझी बदली मंठ्याला झाली. सोमवारी तिथं हजर व्हायचं होतं. टेम्पो अण्णाच पारखणार, हे विचारायची गरजच नव्हती.

शुक्रवारी पहिला आला, तो फोटोत दाखवलेल्याच्या निम्मा होता. ड्रायव्हर म्हणाला, “सामान भरू द्या, भाड्याचं मंग बोलू.”

“सामान तुमच्या ताब्यात गेल्यावर आमाला बोलायला तोंड कुठं राह्यतंय? आधी ठरवा, मंग भरा.”

तो निघून गेला. अण्णांचं बरोबर होतं.

शनिवारच्या टेम्पोच्या तळाला भोक होतं. “तुमचं कपाट जालन्यातच उतरंल, सिस्टर,” अण्णा म्हणाले. भोक शेंगदाण्याएवढं होतं. तरी मी तोही परत पाठवला.

रविवारी तिसरा आला. नवाकोरा. ड्रायव्हर सरळ माणूस; भाडं आधी बोलून मोकळा झालेला, बाकी रक्कम सामान उतरल्यावर द्या म्हणणारा. अण्णा टेम्पोखाली शिरले ते बाहेर येईनात. नुसत्या चपला दिसत होत्या.

“सिस्टर, एक्सलला तडा हाये,” आतून आवाज आला. “उद्या दुसरा बघू.”

उद्या सोमवार. आणि ड्युटी टाळायला पोट दुखवणारी माणसं मी नोकरीभर पाहिली आहेत. आवाजावरून कळतं. मी पदर खोचला आणि टेम्पोखाली शिरले. आम्ही दोघं शेजारी शेजारी उताणे. अख्खी गल्ली वाकून बघायला लागली. एक्सल धुतल्या ताटासारखा.

“तडा कुठंय, अण्णा?”

“हितंच व्हता.”

“केवढा?”

अण्णांनी पुष्कळ विचार केला. एकही भाजी सुचली नाही.

“चला बाहेर,” मी म्हटलं. “सामान भरायचंय.”

परतीचा पंचनामा सामान उतरल्यावरच होतो, असं सांगून अण्णा केबिनमध्ये चढून बसले.

सामान उतरलं. अण्णांनी टेम्पोभोवती एक फेरी मारली. मग आणखी एक. मग सामानाभोवती एक.

“काका, जल्दी करा,” ड्रायव्हर म्हणाला. “तुमालाबी भोकरदनला सोडायचंय.”

अण्णांनी व्हिडिओ लावला. “पोचा न्हाई. ओरखडा न्हाई. कपाट साबूत, शिलाई मशीन साबूत. नुकसान…”

आणि थांबले. मोबाईल तसाच माझ्या नव्या दारावर रोखलेला.

“म्हना की काका, निरंक!”

“ते पंचांनी म्हनावं. पंच हजर?”

“हजर,” मी म्हटलं. पुढचा शब्द काही निघेना. खोटी साक्ष द्यायची सवय मलाही नाही.

गॅसची शेगडी कुठल्या खोक्यात भरली आहे ते शोधायला मी आत गेले. “चहा झाल्याशिवाय पंचनामा पुरा होत नाही,” आतूनच ओरडून सांगितलं.