वाळीत टाकलेला टॅब

केळंब्यातल्या सगळ्या वायफाय नेटवर्कांनी एकमताने प्रमिला साखळकरांच्या टॅबला वाळीत टाकलं. प्रमिलाबाईंना हे लगेच कळलं नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला, टॅब तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि पदराने काच पुसली. काचेवर अक्षरं आली, 'कोणतेही नेटवर्क आढळले नाही.'

शेजारच्या गुरवांचं नेटवर्क त्या त्यांच्याच राजीखुशीने वापरत. गुरवांकडे ते व्यवस्थित चालू होतं. प्रमिलाबाईंनी टॅब बंद करून पुन्हा लावला. गच्चीवर नेला, मागच्या पडवीत नेला, उंच धरला. मग डब्याला टेकवून त्याच्यासमोर नुसत्याच बसून राहिल्या. तिकडे मस्कतमध्ये त्यांचा धाकटा भाऊ अनंता त्याच्या स्क्रीनसमोर बसला असणार, हे त्यांना ठाऊक होतं. अनंताच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात त्याचा आवाज गेला होता. तेव्हापासून तो पाटीवर खडूने लिहून दाखवी आणि प्रमिलाबाई वाचून उत्तर देत. रोज संध्याकाळी दोघांचं असं बोलणं चाले. दोघांनाही दुसरं फारसं कुणी नव्हतं. अनंताचा मुलगा सुमेध त्याच्याजवळच राहायचा, पण कामावरून उशिरा घरी यायचा.

दुसऱ्या दिवशी त्या टॅब घेऊन एजाजच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. प्रमिलाबाईंनी पूर्वी खानावळ चालवली होती, त्यामुळे गावातली निम्मी माणसं त्यांना मावशी म्हणत. एजाजने टॅबचं फ्लाइट मोड चालू-बंद केलं, सगळी सेटिंग पुसून नव्याने घातली, मागचं झाकण उघडून आत पाहिलं. मग झाकण बसवलं आणि टॅब त्यांच्याकडे सरकवला.

"मावशी, टॅब धडधाकट आहे. ह्याला वाळीत टाकलंय."

"कुणी?"

"नेटवर्कांनी. दळव्यांच्या पूजेला तुम्ही टॅब नेला होतात ना?"

नेला होता. अनंताला पूजा दाखवायची म्हणून. नैवेद्य दाखवतानाच चित्र अडकलं होतं आणि काचेवर भल्या मोठ्या अक्षरांत लिहून आलं होतं, 'नेटवर्क कमकुवत आहे.' मागे बसलेल्या सगळ्यांनी ते वाचलं होतं. कोणीतरी हसलंही होतं.

"दळव्यांच्या घरचं नेटवर्क गावात सगळ्यांत जुनं," एजाज म्हणाला. "बाकीची सगळी त्याला मानतात. त्याच्या घरी, त्याच्याच पाहुण्यांसमोर झालं हे."

"मग सिमकार्ड घालून बघ."

"सिमकार्डवाले ह्यांचे व्याही आहेत, मावशी. त्यांचं जाणंयेणं आहे." त्याने आवाज खाली आणला. "मीही तुम्हाला हे सांगितलं असं बोलू नका. माझं दुकान ह्यांच्यावरच चालतं."

प्रमिलाबाई दळव्यांच्या बंगल्यावर गेल्या. शैलजावहिनींनी चहा ठेवला, तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाल्या, "आमच्या मनात काही नाही हो. पण घरातल्या मोठ्यांचा शब्द आम्हाला मोडवत नाही." मग त्यांनी टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या पांढऱ्या खोक्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बसा," खोक्यातून आवाज आला. आवाज खर्जातला होता आणि मधून मधून तुटत होता. "चार माणसांत तुमच्या टॅबने आम्हाला कमकुवत म्हटलं."

"त्याने म्हटलं नाही. त्याच्यावर आपोआप लिहून आलं."

"लिहिलेलं जास्त वाईट. बोललेलं माणसं विसरतात."

प्रमिलाबाईंनी माफी मागितली. टॅबच्या वतीने मागितली, स्वतःच्या वतीने मागितली. भावाला वाचा नाही, हेही सांगितलं. मग आवाज म्हणाला, "पूजेला जी माणसं होती, त्यांच्यासमोर त्याने आमच्याकडे बघावं आणि नेटवर्कच्या पाचही काड्या भरलेल्या दाखवाव्यात. आम्ही त्याला परत पंक्तीत घेऊ."

हे रास्त होतं. पुढच्या रविवारी पूजेची माणसं पुन्हा जमली. शैलजावहिनींनी सतरंजी अंथरली. प्रमिलाबाईंनी टॅब पाटावर ठेवला आणि त्याला नेटवर्क शोधायला लावलं. बारीकसं चक्र फिरत राहिलं. सगळे माना पुढे काढून बघत होते. चक्र थांबलं आणि लिहून आलं, 'कोणतेही नेटवर्क आढळले नाही.'

"ऐका," खोकं म्हणालं. "त्या दिवशी आम्ही कमकुवत होतो. आज आम्ही नाहीच."

"तुम्ही त्याला दिसतच नाही ना," प्रमिलाबाई म्हणाल्या. "एकदा दिसा. तो काड्या दाखवेल."

"वाळीत टाकलेल्याला दिसायचं नाही, असा नियम आहे."

"आणि त्याने काड्या दाखवल्याशिवाय वाळीतून काढायचं नाही?"

"असाही नियम आहे."

जमलेल्यांनी माना डोलावल्या. नियम दोन्ही बरोबर होते, त्यात कुणाला खोट काढता येईना. निघताना प्रमिलाबाईंना सांगण्यात आलं, की दुसऱ्यांदा अपमान झाल्यामुळे आता टॅबबरोबर त्यांनाही वाळीत टाकण्यात येत आहे.

त्याचा अर्थ त्यांना घरी आल्यावर कळला. गुरवांच्या सुनेने आपला फोन त्यांच्या हातात दिला. हातात येताच फोनवरच्या काड्या एकेक करून गेल्या. सुनेने फोन परत घेतला, तशा त्या आल्या. दोघींनी हे पुन्हा करून पाहिलं. "मावशी, राग मानू नका," सून म्हणाली, आणि फोन पोलक्यात खोचून घरात गेली. तिचं लहान लेकरू होतं, नवरा बोटीवर होता. प्रमिलाबाईंनी राग मानला नाही.

त्यांनी एसटीने तालुक्याचं गाव गाठलं. तिथे कोण ओळखतंय, असं त्यांना वाटलं होतं. स्टँडवर, बाजारात, देवळाच्या पायरीवर त्यांनी टॅब उघडून पाहिला. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बातमी पोचवणं हेच तर नेटवर्कांचं काम. परतीच्या गाडीत त्या टॅब मांडीवर पालथा ठेवून बसल्या आणि घर येईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

गावात एकच नेटवर्क असं होतं, ज्याला बाकीची आपल्या बरोबरीचं समजत नसत. ते मनोहरच्या केशकर्तनालयातलं. गिऱ्हाइकाला गाणी लावण्यापुरतं त्याचं बळ. एका संध्याकाळी मनोहरने प्रमिलाबाईंना रस्त्यातून हाक मारली.

"मावशी, आत या. आमचं तयार आहे म्हणतंय."

"त्यालाही टाकतील रे."

"मी सांगून पाहिलं. ऐकत नाही."

प्रमिलाबाई आरशासमोरच्या खुर्चीत बसल्या. टॅब पावडरच्या डब्याला टेकवला. एकच काडी उमटली, आणि तिच्यामागून अनंता दिसला. वाळला होता. त्याने आधी दोन्ही हात जोडले, मग डोळे पुसले, मग पाटी घेतली. 'कुठे होतीस?' प्रमिलाबाईंनी सगळं सांगितलं. त्याने मान हलवली. असं घडतं, हे त्याला पटण्यासारखं होतं. 'गुरुवारी परत कापणार आहेत,' त्याने लिहिलं. "कुठे? किती?" त्यांनी विचारलं. तो पाटी पुसून लिहू लागला. त्याचा खांदा हलताना दिसत होता, पाटीची मागची बाजू दिसत होती. तेवढ्यात काडी गेली.

मनोहरचं नेटवर्क त्याच संध्याकाळी वाळीत पडलं. टॅबला ते आता स्वच्छ दिसे, पाचही काड्यांनी. दोघं एकमेकांना धरून असत. पण त्यांच्या पलीकडे कुणी त्यांचं काही नेत नव्हतं, की त्यांना काही देत नव्हतं. दुकानातली गाणी बंद झाली. प्रमिलाबाई माफी मागायला गेल्या, तेव्हा मनोहर वस्तऱ्याला धार लावत होता. "बसा, मावशी," एवढंच तो म्हणाला.

दुकानात त्याच्या वडिलांच्या वेळचा तारेचा फोन होता. तारेच्या फोनाला नेटवर्कं माणसांत धरत नसत, म्हणून तो कुणी अडवला नव्हता. प्रमिलाबाईंनी त्यावरून मस्कतला, अनंताच्या घरच्या तारेच्या फोनावर, फोन लावला. तिकडे उचलला गेला. त्या बोलत राहिल्या, औषधाबद्दल, पथ्याबद्दल, गुरुवारबद्दल. तिकडून श्वासाचाही आवाज आला नाही. तो रडतोय, हसतोय, की रिसीव्हर ठेवून उठून गेलाय, काही कळेना. बोलता बोलता त्या थांबल्या. मग त्यांनी फोन ठेवला.

गुरुवार गेला, पुढचा गुरुवारही गेला. शुक्रवारी मस्कतला सुट्टी असते. त्या दिवशी दुकानातला फोन वाजला, तेव्हा प्रमिलाबाई तिथेच होत्या. सुमेध होता.

"आत्या, ऑपरेशन झालं. बाबा घरी आले."

प्रमिलाबाई खाली बसल्या. "बरा आहे?"

"डॉक्टर बघू म्हणतात. आत्या, आमच्याकडेही आता काही दिसत नाही. बाबा तुमचे भाऊ म्हणून. पण ते रोज संध्याकाळी स्क्रीनसमोर बसतात. पाटीवर लिहितात, दाखवतात, पुसतात, परत तेच लिहितात. आत्ताही बसलेत."

"काय लिहितो?"

"मला मराठी वाचता येत नाही ना, आत्या. शाळेत मी फ्रेंच घेतलं होतं."

प्रमिलाबाईंनी मनोहरकडे पाहिलं. मनोहरने आरशाखालच्या फळीवर पावडर पसरली आणि हाताने सारखी केली.

"अक्षरं कशी दिसतात, ते सांग," त्या म्हणाल्या. "डावीकडून."

"आधी एक उभी काठी. तिच्या टोकावरून कमान निघून पुढच्या अक्षरावर टेकते. ते अक्षर लहान आहे, खाली शेपूट." प्रमिलाबाईंनी बोटाने पावडरीत काढलं. "पुढचं... काठीला डावीकडे काहीतरी जोडलंय, मधे आडवी रेघ. मग एक, त्याच्या डोक्यावर टिंब. मग पोट आत गेलेलं. मग जागा सोडलीय. मग एक, त्याच्या दोन्ही बाजूंना गाठी, पुढे काठी. बाबांचा हात हलतोय, आत्या. नीट सांगता येत नाही."

"येतंय. बरोबर येतंय."

पावडरीत वाकडंतिकडं लिहिलेलं होतं, 'दिसतंय का'.

"काय लिहिलंय?" सुमेधने विचारलं.

"विचारतोय, दिसतंय का म्हणून."

दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. मनोहरने त्याला हाताने थांबायची खूण केली.

"मग काय सांगू त्यांना?"

"सांग, दिसतंय," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आणि त्याला म्हणावं, पुढचं लिही."