चाळीस जोडण्यांचा सर्व्हर

सामाईक वस्तू कमी पडते ती वापरणाऱ्यांमुळे नव्हे, धरून बसणाऱ्यांमुळे. नकाशे काढणाऱ्या एका कार्यालयात हे सत्य सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंनी शोधून काढले, आणि तेही स्वतःवरच प्रयोग करून.

सगळे नकाशे त्या एका सर्व्हरवर. एका वेळी चाळीस जोडण्या. एकेचाळिसाव्याला दार बंद. त्या दिवशी चारपासून दार बंदच होते. बाईंना साडेपाचला निघणे भाग होते. दोन वर्षांची लेक पाळणाघरात होती आणि तिथल्या मावशींनी बजावले होते, "आता पुन्हा सहा वाजून गेले, तर दुसरं पाळणाघर बघायचं."

"अहो, माझी फाइल उघडत नाहीये!" साहेब केबिनमधून ओरडले.

बाईंनी शास्त्रशुद्ध पावले उचलली. मर्यादा साठ केली. सर्व्हरने मान टाकली. पुन्हा चाळीस केली. मग नियम घातला: दहा मिनिटे हालचाल न करणाऱ्याची जोडणी आपोआप तुटेल. पहिल्याच फेरीत तिघे बाहेर पडले. दोघे चहाला गेलेले, तिसरे एकदाचे कसेबसे आत शिरलेले साहेब. (साहेब विचार करत होते. हा फरक ओळखण्याची सोय सर्व्हरमध्ये अद्याप नाही.)

"मला कोणी काढलं?"

"सर्व्हरनं, सर."

"त्याला सांगा, मी कामात आहे!"

पाच वीसला बाईंनी सर्वात आधी करायला हवे होते ते काम केले: जोडण्यांची यादी वाचली. चाळीसपैकी सतरा जोडण्या एकाच व्यक्तीच्या होत्या. बाईंच्या. सर्व्हर भरत तर नाही ना, हे बघायला सकाळपासून उघडलेल्या सतरा खिडक्या! प्रत्येक खिडकी दर मिनिटाला डोकावत असल्याने नियमातून सहीसलामत सुटलेली. (काळजी कधी रिकामी बसत नाही.)

खिडक्या मिटल्या, साहेबांची फाइल उघडली.

"काय केलंत?"

"थोडं ट्यूनिंग, सर," बाई चेहरा गंभीर ठेवून म्हणाल्या.

पाच अठ्ठावन्नला त्या धापा टाकत पाळणाघरात पोचल्या. मावशी दारातच उभ्या.

"दोन मिनिटं आहेत हं अजून, मावशी!"

"वेळेचं नाही हो. आज तेरा फोन झाले तुमचे. बाकीच्या आयांना लाइनच मिळेना. पोरगी मजेत खेळत असते. फोन वाजला की आई आठवते नि भोकाड पसरते."

लेकीची जागा राहिली, एका अटीवर: दर आईला दिवसाला एक फोन. बाईंनी ती तत्त्वतः मान्य केली.

वाचकहो, हसलात, ठीक. पण एवढीशी गोष्ट वाचताना मध्येच "पोचलात का?" म्हणून वाटेत असलेल्या आपल्या माणसाला कितीदा विचारून झाले? ते माणूस अजून पोचलेले नाही. दर वेळी तुमचा फोन घ्यायला ते रस्त्याच्या कडेला थांबते आहे.