जिन्यात अडकलेलं सरकार

हॉर्तांसचं अक्रोडी कपाट मंत्रालयाच्या जिन्यात, ऐन वळणावर असं अडकलं की ते वर जाईना आणि खालीही येईना. कपाटाच्या वरच्या बाजूला तिचा नवरा आंसेल्म, नुकताच कालवे आणि बंदरे खात्याचा मंत्री झालेला. खालच्या बाजूला ती स्वतः, तिची थोरली बहीण युलाली, आणि घाम पुसणारे हमाल. आणि जेवणाची वेळ टळली की संसदेत मतदान होतं, नव्या सरकारवर विश्वास आहे की नाही याचं.

"अहो, ढकला ना वरून!" हॉर्तांस ओरडली.

"मी मंत्री आहे!" वरून उत्तर आलं.

"मंत्र्याला हात नसतात वाटतं," युलाली म्हणाली.

कपाट आजच वर, मंत्रालयातल्याच मंत्र्याच्या घरात न्यायचं, हा हट्ट हॉर्तांसचा. तिचा तरी काय दोष? पॅरिसात तेव्हा सरकारं अशी पडायची की दूधसुद्धा नासायला त्याहून जास्त वेळ घेई. मंत्र्याची बायको खिडक्यांची मापं घ्यायची आणि शिंपी पडदे शिवून आणेपर्यंत खिडकी दुसरीचीच झालेली असायची. आंसेल्म याआधी दोनदा मंत्री झाला होता. पहिल्या खेपेला कपाटाची गाडी फाटकाशी आली आणि सरकार पडलं. दुसऱ्या खेपेला कपाट अंगणापर्यंत पोचलं, तिथं रात्रभर पावसात भिजलं आणि सकाळी परत गेलं.

दोन्ही खेपांना हॉर्तांसने ताईला लिमोझहून मंत्र्याच्या घरी रविवारच्या जेवणाला बोलावलं होतं. दोन्ही खेपांना ताई स्टेशनवर उतरली तेव्हा जेवण होतं, पण मंत्री नव्हता. ताईचा नवरा औषधांचा दुकानदार. तो गेली कित्येक वर्षं एकाच गल्ल्यावर एकाच खुर्चीत बसत होता, आणि ही गोष्ट ताई बोलण्यात कुठं ना कुठं आणायचीच. या खेपेला ती आज, शुक्रवारीच येऊन धडकली. "म्हटलं, पडायच्या आत पाहून घ्यावं."

तर हा रविवार हॉर्तांसला हवा होता. बाकी देशाचं काय व्हायचं ते होवो. मंत्र्याच्या त्या जेवणघरात, झुंबराखाली बसवून ताईला एकदा बदक वाढायचं. एकदाच!

"साहेबांना सामानाच्या जिन्याने उतरता येईल की," हमालांचा मुकादम गास्पार म्हणाला. या माणसाने उभा जन्म मंत्र्यांचं सामान चढवण्या-उतरवण्यात घालवला होता.

"त्याला कुलूप आहे," हॉर्तांस म्हणाली. "किल्ली आधीच्या मंत्रीणबाई नीसला घेऊन गेल्या. म्हणाल्या, ठेवते माझ्याजवळच, लवकरच परत यायचंय."

"त्या शहाण्या. मी सामानाचे दोर सोडायला लागलो की म्हणायच्या, राहू दे रे, पुन्हा कशाला बांधत बसतोस?" गास्पारने कपाटावर थोपटलं. "तुमचेही ठेवू ना बांधलेले?"

"वर गेलं की सोडायचे!" हॉर्तांस कडाडली.

आंसेल्म वर गेला होता तो मोठ्या आरशासमोर वाकून नमस्कार करण्याचा सराव करायला. संसदेत टाळ्या पडल्या तर किती वाकायचं, याचा त्याला फार घोर होता. आता कपाटाच्या माथ्यावरून त्याचं टक्कल तेवढं दिसत होतं. "अगं, मतदान! माझं मत!"

"थांबा, मी बुतावांना गाठते," हॉर्तांस म्हणाली आणि टोपी सावरत निघाली.

बुतावां हा आंसेल्मच्या पक्षाचा जाडजूड, गोडबोल्या खासदार. संसदेत तेव्हा अशी पद्धत होती की प्रत्येकाच्या नावाच्या चिठ्ठ्या छापलेल्या असत. बाजूने असेल तर पांढरी, विरोधात असेल तर निळी. त्या टाकायला स्वतः येऊन बसणं हे नवख्यांचं काम. जुने लोक आपल्या चिठ्ठ्या पक्षातल्या एकाच्या लाकडी डब्यात ठेवून जेवायला, शिकारीला किंवा घरी सांगता येणार नाही अशा ठिकाणी जात. तो एकटा डब्यातून मूठ-मूठ काढून सगळ्यांची मतं टाकी. लोकशाही अशी आरामात चाले.

बुतावांने हॉर्तांसचा हात दोन्ही हातांत घेतला. "वहिनी, काळजीच सोडा. आंसेल्मच्या चिठ्ठ्या या इथं, माझ्या डब्यात. पक्ष जिकडे, तिकडे आंसेल्म. आजवर कधी चुकलोय?"

हॉर्तांसचा जीव भांड्यात पडला. येताना तिने खाटकाकडे रविवारसाठी बदक सांगितलं. चांगलं मोठं.

संध्याकाळी बुतावां स्वतः आला. कपाट होतं तिथंच होतं आणि आंसेल्म वरून दोरीने सोडलेल्या टोपलीत पाव आणि चीज घेत होता.

"पडलं," बुतावां म्हणाला.

"कोण?" युलालीने विचारलं.

"सरकार. एका मताने."

हॉर्तांस मटकन पायरीवर बसली. कपाटामागून टक्कल वर आलं. "एका मताने? कुणी दगा दिला? कोण तो नालायक?"

बुतावांने टोपी हातात फिरवली. "म्हणजे बघ, दुपारी आपल्या पक्षाची बैठक झाली. ठरलं की पाठिंबा काढायचा. मग मी सगळ्यांच्या निळ्या टाकल्या."

"सगळ्यांच्या?"

"आता मुठीतून तुझी एकटीच कुठं वेचत बसू? मागं रांग लागलेली."

"अरे, पण मी त्या सरकारात मंत्री होतो!"

"बैठकीला यायचं होतंस."

"मी कपाटामागे होतो!"

युलाली भिंतीला टेकून हसत होती. हसता हसता तिने रुमाल काढला. "आमच्याकडे गाढवसुद्धा स्वतः बसलंय तीच फांदी तोडत नाही गं. त्याला झाडावर चढता येत नाही, म्हणून असेल."

"मी उद्याच दुरुस्तीचं पत्र देतो!" आंसेल्म गरजला. "माझं मत बाजूने होतं, असं छापून आणतो!"

"दे की," बुतावां म्हणाला. "निकाल बदलत नाही. फक्त तू मूर्ख आहेस, हे दप्तरी लागतं."

पत्र दिलंच गेलं नाही. कारण शनिवारी सकाळी, गास्पार आतून कपाटाची पाठ उचकटत असताना, नव्या सरकारची जुळवाजुळव करणाऱ्या पुढाऱ्याचा माणूस आला. पुढारी म्हणे गहिवरले होते. अख्ख्या मंत्रिमंडळात खुर्चीपेक्षा तत्त्व मोठं मानणारा एकच मर्द निघाला! असा माणूस आम्हाला हवा. खातं तेच, घर तेच.

तेवढ्यात पाठीची फळी निघाली, आणि हॉर्तांसचे हिवाळी कोट बाजूला सारत तो मर्द कपाटाच्या दारातून बाहेर आला. त्याच्या खांद्याला कापराचा वास येत होता.

"मला या सरकारची शंका पहिल्यापासूनच होती," तो त्या माणसाला म्हणाला.

"पहिल्यापासून म्हणजे परवापासून," युलाली म्हणाली.

रविवार उजाडला. कपाटाला आता पुढून दार होतं आणि मागून भगदाड, त्यामुळे मंत्र्याच्या घरी जायची वाट कपाटातूनच झाली होती. झुंबराखाली मेज मांडलं. बदक कपाटातून वर गेलं, मग बुतावां पोट आत घेऊन गेला, आणि शेवटी युलाली, स्कर्ट आवळून, "फ्रान्सचा कारभार असा बायकांच्या कोटांतून चालतो हे ठाऊक नव्हतं" असं म्हणत.

सूप झालं. आंसेल्मने तत्त्व या विषयावर बोलायला घेतलं. हॉर्तांसने बदकावर सुरी टेकवली, आणि खालून द्वारपालाची हाक आली. फोन होता. बुतावां कण्हत पुन्हा कपाटातून खाली गेला आणि परतला तो पडेल चेहऱ्याने.

"जुळलं नाही. पुढाऱ्यांनी राष्ट्राध्यक्षांना नकार कळवला. नवं सरकार नाही."

सुरी हॉर्तांसच्या हातात तशीच राहिली. तिसरी खेप. तिने ताईकडे पाहिलंच नाही. ताई काय म्हणणार, ते तिला पाठ होतं.

पण ताईने भलतंच विचारलं. "मग आत्ता या घडीला देश कोण चालवतंय?"

"दुसरं मिळेपर्यंत जुनेच," बुतावां म्हणाला. "तशी रीतच आहे. दुसरं मिळायला या वेळी बराच काळ लागेल असं दिसतंय. सगळेच भांडलेत."

"जुने म्हणजे, परवा पडले ते?"

"तेच."

"म्हणजे हा अजून मंत्री?"

"हो. तोवर आहेच."

"आणि यांना पाडायचं झालं तर?"

बुतावांने विचार केला. "पडलेल्याला कसं पाडणार? ते पडलंयच."

आंसेल्म खुर्चीत जरा ताठ झाला. हॉर्तांसने सुरी ठेवली, जिन्याच्या तोंडाशी गेली आणि कपाटातून खाली वाकून पाहिलं. गास्पार खालच्या पायरीवर पाव खात बसला होता.

"गास्पार!"

"काय, बाई? उतरवायचं?"

"नाही. कपाटाचे दोर सोड."

मग ती परत आली आणि तिने बदकाची तंगडी पहिली ताईच्या ताटात वाढली.

"सावकाश जेव, ताई," ती म्हणाली. "आज घाई नाही."