अण्णा टेंबे आणि आळीचा नायटा

अण्णा टेंब्यांबद्दल लिहायचं मी अनेक वर्षं टाळलं. ते गेल्यावरही कुणी विषय काढला, की त्यांचा एखादा गमतीदार किस्सा सांगून मी उठायचो. आज किस्से सांगतो, आणि उरलेलंही सांगतो.

अण्णा कुणाला नमस्कार करत नसत. 'खाज कुठंय?' असं विचारत. बालाजी घाटावर स्नान करून वर येणाऱ्या भल्याभल्या गुरुजींना त्यांनी पायरीवर अडवून हे विचारलं आहे. नायटा दिसला की अण्णांचा चेहरा खुलायचा. खिशातून काळा कागद निघायचा, त्यावर नायट्याची कड हळूच खरवडून घ्यायची, पुडी बांधायची आणि घरी काचेच्या बशीत ती बुरशी वाढवायची. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला एकटा माणूस. घरात माणसांपेक्षा बश्या जास्त.

काशीतल्या आमच्या मराठी आळीत नायट्याला तोटा नव्हता. सोवळं म्हणजे ओलं, ही आमची समजूत. गुरुजी ओल्या धोतरात पूजा सांगणार, बायका ओल्या लुगड्यात नैवेद्य रांधणार. आणि गल्लीच्या तोंडाशी माझं औषधाचं दुकान. मी स्टेरॉइड मिसळलेलं मलम द्यायचो. खाज लगेच थांबायची. नायटा मात्र कमरेवरून निवांत पाठीवर चढायचा.

"बुरशीला औषधाची सवय झाली हो," मी एकदा म्हणालो.

अण्णा भडकले. "सवय तुला पानाची झालीय! बुरशीला सवय होत नाही. एखादीच्या जनुकात आधीच बारीकसा बदल झालेला असतो. औषध तिच्या प्रथिनाचं मनगट धरायला जातं, तर मनगटाचा आकारच वेगळा. अंगाला तेल चोपडलेला पहिलवान! तू अर्धवट औषध देऊन बाकीच्या मारतोस आणि तिला अख्खा आखाडा मोकळा करून देतोस."

ही मरायची तरी कशी, या धास्तीने शेजारी उभ्या नाववाल्याने विचारलं, "तो ई मरी कइसे, गुरुजी?"

"पहले गमछा सुखाओ," अण्णा म्हणाले. "बाद में शास्त्र."

इथवर सगळे हसायचे, मीही. पण मग अण्णा माझ्या दुकानासमोर उभे राहून गिऱ्हाइकांना सांगू लागले, "ये मलम मत लेना, भैया." माझं डोकं फिरलं. गल्ल्यावरून मी एवढंच म्हणालो, "घरात बुरशी पाळतो हा माणूस. आळीत नायटा येतो कुठून, तुम्हीच बघा."

बस. आळीला तेवढं पुरलं.

अण्णांना वर्षभरात एकच हौस. गणपतीच्या पंगतीत आमटी वाढायची. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाला नुसती वरची निवळ हवी, सगळं त्यांना पाठ. घरी एकटं जेवणारा माणूस त्या दिवशी आळीभर जेवत असे. त्या वर्षी मात्र मंडळींनी सांगितलं, "अण्णा, यंदा तुम्ही बसा." पान मांडलं तेही कडेला, नळाजवळ. अण्णा तिथेच बसून जेवले.

पुढे माझ्याच बायकोला नायटा झाला. दुकानातली सगळी मलमं हरली. तिने मला न विचारता अण्णांना बोलावलं. ते आले, उंबऱ्याबाहेरूनच खरवडून घेतलं. बशीत तपासून कळवलं, की नेहमीची गोळी हिच्या बुरशीला धरणार नाही, डॉक्टरांकडून दुसरी लिहून घ्या. ती बरी झाली.

"आता तोंड उघडा," ती मला म्हणाली. "आळीसमोर. पंगतीत."

"उघडतो," मी म्हणालो.

त्या गणपतीला मी मंडळींशी भांडून अण्णांच्या हाती आमटीची बादली देववली. पंगत बसली. अण्णांनी बादली खाली ठेवली, बाह्या वर सारल्या, आणि डाव उचलण्याआधी प्रत्येक पानापुढे वाकून दोन्ही हात दाखवत निघाले. तळवे, मग उलटे करून बोटं. शाळेत पोरं नखं दाखवतात तसे. कुणीही मागितलं नव्हतं. कुणी 'राहू द्या हो' असंही म्हटलं नाही.

दाखवून झाल्यावर ते वाढू लागले. माझ्या पानाशी आले. समोरच्या ओळीतून बायको माझ्याकडे बघत होती. 'अण्णा, ते मी पसरवलं होतं. मला क्षमा करा.' वाक्य तयार होतं.

"बाळ, किती वाढू?" अण्णांनी विचारलं.

मी म्हणालो, "अर्धा डाव पुरे."