दाढदुखी, सर्वानुमते

सन १९५९ च्या मार्गशीर्षात आमच्या ग्रामपंचायतीपुढे श्रीमती धोंडाबाई यांच्या तोंडाचा विषय आला. गाव पौड रस्त्याला आहे. नाव सांगत नाही, कारण नाव न सांगणे हीच आमची कार्यपद्धती आहे. मी तेव्हा पंचायतीचा सेक्रेटरी होतो. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, त्यामुळे बाईंना पौडच्या दवाखान्यात नेण्याची जबाबदारी माझ्यावर आली होती.

धोंडाबाई विधवा, सरपंच हैबतराव यांच्या भावजय. चाळीस वर्षे त्या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत. भाजलेल्या तंबाखूची ती पूड हिरड्यांना घासायची आणि उरलेली डाव्या गालात धरून कामाला लागायचे. त्याच गालात आतून पांढरा चट्टा उठला होता आणि त्याच्या मधोमध हरभऱ्याएवढी जखम होती. तीन महिने ती भरत नव्हती. दुखतही नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतले नव्हते.

डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिले, मान चाचपली, बाईंना बाहेर बसवले आणि मला म्हणाले, "कॅन्सरचा संशय आहे. शरीरातल्या पेशी आपापल्या हद्दीत वाढतात आणि थांबतात. एखादी थांबत नाही. ती शेजारणीची जागा खात सुटते."

"म्हणजे बांध कोरते," मी म्हणालो.

"अगदी तसंच. अजून मानेत उतरलेला नाही. पुण्याला तुकडा काढून तपासू द्या. आत्ता कापलं तर बाई वाचेल. याच महिन्यात जा." त्यांनी पुण्याच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली आणि लिफाफा चिकटवून माझ्या हातात दिला.

बाहेर धोंडाबाईंनी विचारले, "काय म्हनला डाक्टर?"

"पुण्याला दाखवा म्हणाले."

"मंग कवा जायाचं?"

"आधी सरपंचांना विचारतो," मी म्हणालो, आणि आम्ही एस.टी.ने परत आलो.

संध्याकाळी तातडीची सभा भरली. मी विषय वाचला तसे हैबतराव ताडकन उठले. "शिक्रेटरी, त्यो शब्द हितं काढायचा न्हाई! भूगावचं पावनं सुपारी फोडाय यायचं हायेत. आमच्या घरात त्ये निघालं म्हनल्यावर पोरगी कोन करंल?"

"आन् हत्यार लागलं की लई पसरतं म्हनं," पंच कोंडाजी म्हणाले. त्यांनी हे तंबाखूची पिचकारी टाकून सांगितले.

तेव्हा बाईंना दुसरे काय झाले असावे यावर चर्चा झाली. ताप सुचवला गेला, पण तापाचे कळले की मलेरियावाले येऊन घरोघरी फवारे मारतात, सबब तो नामंजूर झाला. अखेर ठराव क्रमांक नऊ पास झाला: 'श्रीमती धोंडाबाई यांस दाढदुखी असून पंचायत त्याबद्दल सहानुभूती व्यक्त करीत आहे.' सूचक हैबतराव, अनुमोदक कोंडाजी, सर्वानुमते मंजूर. लिफाफा गोपनीय ठरून कपाटात गेला आणि किल्ली सरपंचांच्या करगोट्याला.

दाढदुखी म्हटल्यावर उपचार दाढेवरच होणार. पौडच्या बाजारातल्या वैदूने एक धडधाकट दाढ उपटली. जखम बोराएवढी झाली, म्हणून दुसरी उपटली. फाल्गुनात भूगावच्या पाहुण्यांशी लग्न थाटात लागले, तोवर धोंडाबाईंचे तोंड दोन बोटांवर उघडत नव्हते आणि डाव्या बाजूच्या दाढा संपल्या होत्या. उजवीकडच्या काढू का, असे वैदूने विचारले. ठरावात बाजू नमूद नसल्याने त्याचीही अडचण झाली. मग मानेत सुपारीएवढी गाठ आली आणि आम्ही ठरावात दुरुस्ती केली: 'दाढदुखी (मानेपर्यंत)'.

चैत्रात धोंडाबाई कचेरीत आल्या. पदराने गाल झाकलेला, अंगावरचे लुगडे दुसऱ्या कुणाचे असावे इतके सैल.

"शिक्रेटरी, ती चिठ्ठी कुटं हाय?"

"कपाटात. गोपनीय आहे."

"कुनापासनं? त्वांड तर माजं हाय." त्या थांबल्या, तोंडातले पदराला पुसले. "दाढ ऱ्हायली न्हाई तरी दाढ दुखतीया, एवढं मला कळत न्हाई व्हय? म्या म्हनलं, भावजींच्या पोरीचं लगीन होऊन जाऊंद्या. झालं न्हवं? आता तरी न्या की मला पुन्याला."

मी म्हणालो की किल्ली सरपंचांकडे आहे आणि सरपंच लेकीला आणायला भूगावला गेलेत. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्यांच्याकडे न पाहता कपाटाकडे पाहत राहिलो. कपाट पत्र्याचे होते. कुलूप एका दगडात तुटले असते.

सरपंच परतल्यावर कपाट उघडले, आणि वैशाखात त्यांचा मुलगा भिवाजी लिफाफा घेऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी लिफाफा फोडला आणि आधी बाईंकडे न बघता चिठ्ठीवरची तारीख बघितली. रोग जबड्याच्या हाडात गेला होता, कापण्याजोगे काही राहिले नव्हते. परत आल्यावर पेज चमच्याने जायची, मग तीही जाईना. आषाढात धोंडाबाई गेल्या. मरणाच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात मी माझ्या हाताने 'दाढदुखी' लिहिले.

वर्षअखेरीच्या तक्त्यात 'कॅन्सर: निरंक' असे भरून पाठवले. वरून अभिनंदनाचे पत्र आले. हैबतरावांनी ते चौकटीत बसवून त्याच कपाटावर टांगले.

हे सगळे आज सांगायचे कारण असे की गेल्या दिवाळीपासून माझ्याही डाव्या गालात काहीतरी खरखरते आहे. दुखत नाही. घरी बोललो नाही, थोरलीला यंदा स्थळे बघतो आहोत.

आणि तुम्ही मघापासून गालात जीभ फिरवत वाचताय, ते मला दिसते आहे. लागले का काही? असू द्या, दाढच असेल. ठराव क्रमांक नऊ अद्याप रद्द झालेला नाही, आणि तुमच्याही घरात कुणाचे तरी लग्न जमायचे असेलच.