साखरेचे वाटे

एका जंगलात, मुलांनो, अस्वलं राहायची. किती जुनी म्हणाल? वाघ त्या जंगलात राजा म्हणून आला, तेव्हा पाणी कुठं मिळतं ते त्याला अस्वलांनीच दाखवलं होतं. राजे लोक असल्या गोष्टी विसरतात. असू द्या.

ही अस्वलं डोंगरावर राहायची. करांद्यांचे कंद उकरायची, वारुळं फोडायची, मोहाची फुलं वेचायची. वर्षातून एखाद-दोन वेळा मधाचं पोळं मिळायचं. ते कुणा एकाला सापडलं तरी सगळ्या घरांना वाटा जायचा, मग भले वाट्याला बोटभरच येवो. खायला थोडं आणि त्यासाठी चढायला फार, असं सगळं होतं. त्यामुळं साखरेचं दुखणं म्हणजे काय, ते तिथं कुणाला ठाऊकच नव्हतं.

मग राजाला फिरायला जागा कमी पडायला लागली. डोंगर राखीव झाला. अस्वलांना उचलून पायथ्याला बसवलं. "तुमच्या पोटाची काळजी आता राजाला," असं सांगितलं आणि दर महिन्याला पांढरा तांदूळ, साखर आणि बिस्किटांचे पुडे यायला लागले. अस्वलं बसून खाऊ लागली. बसल्या जागी फुगू लागली. आधी म्हातारी दुखण्याला लागली, मग तरणीही. सारखं पाणी पी, सारखं झुडपामागं जा. वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या अस्वलाला सगळे थोरलेबाबा म्हणायचे. त्यांच्या पायात काटा मोडला, तर पावसाळा संपला तरी जखम भरेना.

हे सगळं सोमी रोज बघायची. सोमी म्हणजे शुक्र्याची आई. शुक्र्या तिचा एकुलता एक. त्यानं जरा जास्त पाणी मागितलं की ही त्याची जीभ बघायची, डोळे बघायची, आणि त्यानं शू केलेल्या जागी मुंग्या येतात का ते बसून बघायची. मुंग्या यायच्या. पण मुलांनो, जंगलात मुंग्या कुठं येत नाहीत? हे सोमीला कळायचं, तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची.

अशात शहराकडून डॉक्टर बगळे आले. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे. त्यांच्याबरोबर जळूबाई. रक्त काढायचं काम जळूबाईंचं.

"तुमच्याच लोकांना इतकी साखर का होते, ते आम्ही शोधणार," डॉक्टर म्हणाले.

"डोंगरावर होतो तेव्हा होत नव्हती, डॉक्टर," सोमी म्हणाली.

"ते बाहेरचं कारण झालं. आम्ही आतलं शोधतो. रक्तात खूण असते."

वस्तीत पिल्लं दहा. जळूबाईंनी दहाही जणांचं रक्त घेतलं.

"आये, ही सोडत नाय!" शुक्र्या ओरडला.

"उत्तम नमुना," जळूबाई तोंड पुसत म्हणाल्या. मग रडणाऱ्या पिल्लांना बक्षीस म्हणून क्रीमच्या बिस्किटांचा एकेक पुडा मिळाला.

सहा महिन्यांनी डॉक्टर निकाल घेऊन आले. "दहांतल्या तिघांच्या रक्तात खूण सापडली. त्यांना पुढं साखर होण्याची भीती जास्त."

सोमीनं शुक्र्याला जवळ ओढलं. "कोणते तिघे?"

"ते सांगता येत नाही. नावं गुप्त असतात."

"कुणापासून?"

"सगळ्यांपासून."

"ज्याला होणार, त्याच्यापासून पण?"

"त्याच्यापासून तर आधी. तसा नियम आहे."

"मग त्या तिघांनी करायचं काय?"

डॉक्टरांना हा प्रश्न फार सोपा वाटला. "त्यांनी साखर आणि बिस्किटं बंद करायची. रोज डोंगर चढायचा. कंदमुळं खायची." एवढं बोलून त्यांनी डोंगरावरच्या राखणदारासाठी चिठ्ठी लिहिली, 'तीन पिल्लांना रोज वर सोडावे', आणि दोन वर्षांनी येतो म्हणून उडून गेले.

संध्याकाळी सगळी वस्ती मोहाखाली जमली. सोमीचं रडं थांबेना.

"अगं, तुझाच आहे कशावरून?" शेजारची दसरी म्हणाली. दसरीचा आवाज असा होता की ती कुजबुजली तरी पाखरं उडायची.

"नाही कशावरून?" सोमी म्हणाली. दसरीची पोर मंगळीही होतीच की त्या दहांत.

थोरलेबाबांनी दुखरा पाय पुढं घेतला. "पोळं कुणालाही सापडू दे, ते वस्तीचं. बरोबर? मग दुखणं तेवढं तिघांच्याच गळ्यात का? वस्तीत आलंय ना? वाटे पाडा."

"दुखण्याचे वाटे?"

"रोज तिघं डोंगर चढतील. पाळीपाळीनं. त्या दिवशी त्यांना बिस्कीट नाही. झालं तिघांचं पथ्य पुरं."

सगळ्यांनी माना हलवल्या. हिशेब चोख होता. एकाचं पथ्य दुसऱ्यानं पाळलं तर गुण पहिल्याला कसा येईल, हे कुणी विचारलं नाही. भोळीच ती. आपण कसे, आजारी सासरा आणि उपास सुनेला, असलं कधी करत नाही!

पहिल्या दिवशी शुक्र्याची पाळी होती. दुसऱ्या दिवशी नव्हती. तो पुडा फोडून आरामात बसला. पण सोमीला चैन पडेना. आज हा बिस्कीट खातोय, आणि हाच तिघांतला निघाला तर? तिनं पुडा हिसकावला आणि पोराला मागच्या वाटेनं डोंगराकडं पिटाळलं.

दसरीनं पाहिलंच.

"काय गं सोमे! काल तुझा, आज पण तुझाच? वाट्यापेक्षा जास्त घेतेस? लाज नाही वाटत?"

"एक दिवस जास्त गेला तर तुझं काय गेलं गं?"

"वा! आमच्या पोरीच्या वाटचं दुखणं तू लाटायचं आणि आम्ही बघत बसायचं? माझी मंगळी काय रस्त्यावर पडलीय?"

दुसऱ्या दिवशी पाळी नसताना मंगळी गेली. ते बघून तिसरी आई चिडली, मग चौथी. आठवड्याच्या आत दहाही पिल्लं रोज डोंगर चढायला लागली. कुणीच कुणाला आपला वाटा सोडेना. पिल्लं एकटी कशी सोडायची, म्हणून आया निघाल्या. करांदे खाली कोण आणणार, म्हणून बाप निघाले. बिस्किटांच्या पुड्यांचा ढीग झाला आणि मुंग्या तिकडं राहायला गेल्या.

डोंगराच्या वाटेवर राखणदार कोल्हा होता. त्यानं चिठ्ठी वाचली, पिल्लं मोजली.

"चिठ्ठीत तीन आहेत. ही दहा."

"तीनच आहेत, दादा," सोमी म्हणाली.

कोल्ह्यानं पुन्हा मोजली. "दहा!"

"त्यांतली तीन खरी. बाकीची सोबतीला. कोणती तीन सोडायची, ती तुम्ही निवडा."

"मला काय ठाऊक कोणती ते?"

"आम्हांला तरी कुठं ठाऊक? गुप्त आहे ते. वरून गुप्त आहे."

वरून म्हटल्यावर कोल्हा बाजूला झाला. नोकरी कुणाला नको असते?

दोन वर्षांनी डॉक्टर बगळे परत आले. जळूबाई एकेका पिल्लाला चिकटल्या आणि लगेच थू थू करत सुटल्या. "फिकं! सगळं फिकं! गोडीच नाही!"

डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही पायांवर उभे राहिले. "एकाचीही साखर वाढली नाही? अहो, तिघांची तरी वाढायला हवी होती! मी राजदरबारात तसं लिहून दिलंय!"

"वाईट झालं," सोमी मनापासून म्हणाली. "चहा घेता? बिनसाखरेचा आहे."

"तुम्ही केलंत काय?"

थोरलेबाबांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांची चोच उघडीच राहिली.

"सगळ्यांनी पथ्य केलं? अहो, सगळ्यांनीच केलं तर मी तुलना कुणाशी करू? खुणेची तीन वेगळी आणि बिनखुणेची सात वेगळी दिसायला हवीत! नासवलात माझा अभ्यास!" रागाच्या भरात ते नियमही विसरले. वही उघडून त्यांनी तिसऱ्या पानावर चोच आपटली. "ही बघा तुमची तीन! लखमाचा बुध्या, आयतीची झिंगी आणि दसरीची मंगळी!"

"आणि माझा शुक्र्या?" सोमीनं विचारलं.

"त्याच्यात काहीच नव्हतं! उगाच दोन वर्षं डोंगर चढला!"

मग डॉक्टरांनी वहीत 'या जमातीला सूचना समजत नाहीत' असं लिहिलं, जळूबाईंना चोचीत घेतलं आणि ते दुसऱ्या जंगलाकडं उडाले. तिथली अस्वलं अजून शिस्तीत आजारी पडत होती.

सोमी मटकन खाली बसली. शुक्र्याला इतकं घट्ट धरलं की तो म्हणाला, "आये, तू पण सोडत नायस." ती रडली, हसली, पुन्हा रडली. आणि मग तिची नजर दसरीकडं गेली.

दसरीनं मंगळीचा पंजा दोन्ही हातांत धरला होता.

"म्हणजे उद्यापासून तुझा येणार नाही वर," दसरी म्हणाली. आणि मुलांनो, पहिल्यांदाच एकही पाखरू उडालं नाही.

सोमीनं नाक पुसलं. उठली, कमरेवर हात ठेवले.

"का येणार नाही? माझ्या पोराचा वाटा हडपायला निघालीस होय? बघतेच कोण काढून घेतं ते!"

तात्पर्य : ज्याचं दुखणं त्यानंच भोगावं, चारचौघांत वाटू नये. वाटलं की ते एकेकाच्या वाट्याला इतकं थोडं येतं की कुणी आजारीच पडत नाही, आणि मग विद्वानांनी एवढ्या लांबून यायचं ते कशासाठी?