कूलरमधली सीट

जळबाच्या घरी कूलर आला आणि तिसऱ्या दिवशी त्यात कोंबडी शिरली.

तसा दोष जळबाचाच होता. त्यानं कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर चढवला, तोंड घरात केलं, दोन जाळ्यांत गवत भरलं आणि तिसऱ्या जाळीला गवत कमी पडलं. ‘उद्या आणतो’ म्हणून ती जाळी त्यानं भिंतीला टेकवून ठेवली. उरलंसुरलं गवत कूलरच्या कोरड्या टाकीतच पडून राहिलं. त्याच्या बायकोच्या, पद्माबाईच्या, लाडक्या कोंबडीनं, चंदीनं, हे सगळं हौदाच्या कठड्यावर बसून बघितलं. सावली, आडोसा, मऊ गवत आणि मांजर पोचणार नाही एवढी उंची. अंडी घालायला याहून बरी जागा अख्ख्या वसमतमध्ये सापडली नसती.

दुसऱ्या दिवशी जळबा गवत घेऊन आला, तर टाकीत एक अंडं.

“पद्मा, तुझ्या कोंबडीनं रुमाल टाकला ग,” तो म्हणाला.

जळबानं एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली होती. खिडकीतून रुमाल पडला की ती सीट धरली, हा कायदा त्यानं कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता, पण आयुष्यभर पाळला होता. त्यातून चंदी म्हणजे काही परकी कोंबडी नव्हती. शेजारच्या शालूबाईनं ती पिल्लू असताना दिली, तेव्हा तिचा एक पाय मोडलेला होता. पद्माबाईनं हळद बांधून बांधून तो बरा केला. तेव्हापासून चंदी पद्माबाईच्या मागं मागं स्वयंपाकघरातही फिरायची आणि भाकरीचा पहिला तुकडा हक्कानं मागायची.

जळबानं बोटांवर हिशेब केला. “एकवीस दिवसांत पिल्लं निघतेत. पौर्णिमेला महिना हाय. म्हणजे नऊ दिवस आधीच गाडी खाली होती. बसू दे तिला.”

पौर्णिमा म्हणजे बुद्धपौर्णिमा. आणि तो कूलर खरं तर पौर्णिमेसाठीच आणलेला होता. जळबाची लेक आकांक्षा हिंगोलीला दिली, त्याला चार वर्षं झाली. तिचे सासरे नरसिंगराव वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले, स्वभावानं कमी बोलणारे. लग्नानंतर एकदाच, भर मे महिन्यात, ते जळबाच्या पत्र्याच्या घरात मुक्कामाला राहिले होते. त्यानंतर ते जेव्हा जेव्हा आले, तेव्हा जेवून, पानसुपारी खाऊन संध्याकाळी सहाच्या गाडीनं परत गेले. कितीही आग्रह केला तरी राहिले नाहीत. आपल्या घरात व्याह्यांना उकडतं, म्हणजे आपण त्यांच्या तोलाचे नाही, हे जळबाच्या मनाला फार लागलं होतं. लेकीला सासरी कुणी काही बोलत नव्हतं, पण बोलत नव्हतं याचीच त्याला जास्त धास्ती.

म्हणून त्यानं हिंगोलीला फोन लावला. “इवाई, जय भीम. या खेपेला पौर्णिमेला मुक्कामालाच या. कूलर घेतलाय.”

पलीकडं नरसिंगराव जरा थांबले. मग म्हणाले, “बरं. येतो.”

एवढ्या दोन शब्दांवर जळबा आठवडाभर गल्लीत छाती काढून फिरला.

एकविसावा दिवस आला. जळबानं सकाळीच पाण्याची बादली भरून कूलरजवळ ठेवली. दुपार झाली, संध्याकाळ झाली, चंदी ढिम्म. बाविसाव्या दिवशी त्यानं शालूबाईला बोलावलं. शालूबाईचा जन्म कोंबड्यांत गेलेला. तिनं टाकीत डोकावून नऊ अंडी मोजली.

“दादा, तुमी कधीपासून मोजून राहिले?”

“पहिल्या अंड्यापासून.”

“पहिल्या अंड्यावर कोंबडी बसती व्हय? ती रोज एक घालती अन् चरायला निघून जाती. सगळी घालून झाली की मग बैठक मारती. तुमी रुमाल टाकल्यापासून मोजलं. माणूस बसल्यापासून मोजायचं असतं.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत जळबाला कुणी एवढं बिनतोड सुनावलं नव्हतं. त्यानं पुन्हा बोटं मोजली आणि मटकन ओट्यावर बसला. पिल्लं निघायचा दिवस बराबर पौर्णिमेचा निघत होता.

“मग हिला उचलून दुसरीकडं ठेवू,” तो म्हणाला.

पद्माबाईनं डालगं आणलं, त्यात गवत घातलं, अंडी ठेवली आणि चंदीला हळूच उचललं. चंदीनं गल्ली गोळा होईल एवढा कालवा केला, जळबाच्या अंगठ्याला चोच मारली आणि परत जाऊन कूलरच्या टाकीत उघड्या पत्र्यावर बसली, अंड्यांशिवायच. पद्माबाईनं घाईघाईनं अंडी पुन्हा तिच्या पोटाखाली सरकवली.

“कोंबडी आपली जागा आपुन निवडती,” शालूबाई म्हणाली. “लईच नड असंल तर खुडूक, म्हंजे तिचं हे बसायचं येड, मोडता येतं. पाण्यात बुडवायचं अन् नाकात पीस घालायचं. मोडू का?”

जळबानं चंदीकडं पाहिलं. डोळे अर्धे मिटून, पिसं फुगवून ती बसली होती.

“न्हाई,” तो म्हणाला. “बसलेला पॅसेंजर म्या कधी उठवला न्हाई. ही तर लेकुरवाळी.”

“मग इवायाला फोन करून खरं सांगून टाका,” पद्माबाई म्हणाली.

“काय सांगू? कूलरमधी कोंबडी बसली म्हणून? चार वर्षांनी माणूस राहायला येऊन राहिला अन् ते असं ऐकवू?”

कूलरची पिन जळबानं काढून वर खिळ्याला बांधून टाकली, चुकून कुणी बटण दाबू नये म्हणून. पण गोष्ट तिथं थांबली नाही. पारा त्रेचाळीसवर गेला तशी चंदी चोच उघडून धापा टाकायला लागली. पद्माबाईनं कूलरवर ओलं पोतं टाकलं. तेवढ्यानं भागेना, म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन बाहेर गेला आणि चंदीकडं तोंड करून लागला. दुपारी लाईट गेली की जळबा पुठ्ठा घेऊन स्टुलावर बसायचा. कूलरला वारा घालणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात त्याआधी कुणी पाहिला नव्हता. येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि तो शांतपणे म्हणायचा, “नवा हाय, सवय लावून राहिलो.”

पौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली, खीर झाली, आणि अकराच्या गाडीनं नरसिंगराव, त्यांची बायको बेबीबाई आणि आकांक्षा अशी तिघं आली. नरसिंगरावांनी हातपाय धुतले, पाणी प्यायले आणि सरळ कूलरच्या समोरच्या खाटेवर जाऊन बसले.

बसले ते बसलेच. वरचा पंखा गरम हवा ढवळत होता. नरसिंगरावांच्या सदऱ्याची पाठ भिजली. त्यांनी एकदा कूलरकडं पाहिलं, एकदा जळबाकडं.

“लावा की इवाई,” ते भिडस्तपणे म्हणाले.

“लाईट न्हाई,” जळबा म्हणाला.

नरसिंगरावांनी मान वर करून फिरत्या पंख्याकडं पाहिलं.

“म्हंजे... कमी हाय. कूलर घेत न्हाई तेवढ्यावर.”

“होल्टेज बराबर दिसतंय,” नरसिंगराव म्हणाले. अडतीस वर्षं खांबावर चढलेला माणूस तो.

“मोटर जळली त्याची.”

“मग आणा पाना-पेंचिस. मोटर म्हंजे माझं रोजचं काम.” ते उठलेसुद्धा.

जळबा दारात आडवा झाला. “पाहुण्यानं काम करायचं न्हाई. बसा तुमी.”

“मला काय तकलीफ न्हाई.”

“न्हाई म्हंजे न्हाई. तिकडं जायचंच न्हाई.”

हे जरा जोरात बोललं गेलं. आकांक्षानं आईकडं पाहिलं, आईनं चुलीकडं. नरसिंगराव सावकाश खाली बसले, सावकाश चप्पल ओढली.

“आमच्यासाठी लावायचा नसंल तर तसं सांगा, इवाई. सहाच्या गाडीनं जातोच आमी,” ते म्हणाले आणि पिशवी उचलली.

चार वर्षं वाट बघून बोलावलेला माणूस आपल्याच तोंडानं आपण घालवला, हे जळबाला कळत होतं आणि खरं सांगायला जीभ उचलत नव्हती. त्याच वेळी कूलरच्या जाळीतून आवाज आला. बारीक, चिवट.

चिक्. चिक् चिक्.

पिशवी हातात धरूनच नरसिंगराव थांबले. “जळलेली मोटर असा आवाज करत न्हाई,” ते म्हणाले आणि जळबाला बाजूला सारून बाहेर गेले.

त्यांनी ओलं पोतं उचललं. चंदीच्या पंखाखालून एक पिवळं डोकं बाहेर आलं, नरसिंगरावांना नीट न्याहाळून परत आत गेलं. त्यांनी टेबलफॅन पाहिला. स्टूल पाहिलं, स्टुलावरचा पुठ्ठा पाहिला. मग ते खाली उकिडवे बसले आणि पोट धरून हसायला लागले. कमी बोलणारा माणूस एवढा हसतो हे आकांक्षालाही माहीत नव्हतं.

“आता माझंबी ऐका,” बेबीबाई म्हणाली आणि तिनं नवऱ्याच्या हातातली पिशवी घेऊन ओट्यावर रिकामी केली. तीतून एक लोकरी मफलर निघाला, पायमोजे निघाले आणि माकडटोपी निघाली. “ह्यांना कूलरचं वारं सोसत न्हाई. गुडघे धरतेत. घरचा कूलर दोन वर्षांपासून माळ्यावर हाय. पण इवायानं आपल्यासाठी घेतलाय, न्हाई म्हणू नये, म्हणून हे सामान घेऊन आले.”

“मग तुमी राहत काहून नव्हते?” जळबानं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

नरसिंगरावांनी ओलं पोतं पुन्हा कूलरवर सारखं केलं. “त्या साली जाग आली तवा तुमी पुठ्ठ्यानं मला वारा घालत बसले होते. रातभर. म्हटलं, आपण राहिलो की ह्या माणसाची झोप जाती. म्हणून निघायचो.”

जळबानं स्टुलावरचा पुठ्ठा उचलून उगाच झटकला. त्याला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं, आणि फार बरं वाटत होतं.

दुपारभर दोघं व्याही कूलरपाशी बसून राहिले. अंड्याला तडा गेला की एकमेकांना कोपर मारून दाखवायचे. एक अंडं अडलं तेव्हा नरसिंगराव हात घालायला गेले, तर शालूबाईनं कुंपणावरूनच दटावलं. “हात लावू नका. तिचं तिला कळतं. अन् दादा, पिल्लांना गार वारं चालत न्हाई बरं का. महिनाभर कूलरचं नाव काढू नका.”

जळबानं खिळ्याला बांधलेल्या पिनेची गाठ आणखी घट्ट केली.

संध्याकाळपर्यंत पाच पिल्लं निघाली. पद्माबाईनं डालग्यात नरसिंगरावांचा मफलर अंथरून ठेवला, सगळी निघाली की आई-लेकरांना उतरवायला. जळबाचं लक्ष सवयीनं घड्याळाकडं गेलं.

“इवाई, सहाची गाडी निघाली असंल.”

“किती अंडी राह्यली?”

“चार.”

नरसिंगरावांनी विचार केला. मग खिशातून रुमाल काढला, त्याची नीट घडी केली आणि आत जाऊन खाटेवर ठेवून आले.